खैरीतली खुर्ची

९ जुलै १९८६, बुधवार

ही डायरी मागच्या सालची हाय, मामाले खताच्या दुकानातून भेटलेली. वरची छापलेली तारीख खोडून लिहून राहिली.

मामा म्हणजे वामनमामा, आईचा भाऊ. सौंसरात त्याचं माइक भाड्यानं द्याचं दुकान हाय. लग्न, जयंती, टॉकीजची जाहिरात, कोणाची म्हैस हरपली, सगळं त्याच्याच भोंग्यावर. आज सकाळी आला आन आईले म्हणे, "ताई, उषी रिकामीच हाय ना? दवाखान्याचं काम भेटलं. हगवणीचं सांगाचं हाय गावागावात. साहेब म्हणते, बाईचा आवाज पायजे, लेकराइच्या माया ऐकतीन."

मी चुलीजवळ होती. माहं तोंड असं झालं का आईले हसू आलं.

मी सातवीतून शाळा सोडली ते याच्याचपायी. गुरुजी उभं करे, कविता म्हणाले लावे, आन माह्या गळ्यातून हवा नाही निघे. पोट्टे हसे. एक दिवस घरी आली ते परत गेलीच नाही. बाबानं मारलं नाही, पण गंज दिवस माह्याशी बोलले नाही. तसे बाबा बोलतेच कमी. नगरपालिकेत चपराशी हायेत, तिथंबी घंटी वाजली का उठते, फाइल नेते, बसते.

मामा म्हणे, "रिक्षाले तिकडून इकडून लुगडं बांधून देतो. तू आत बस, कागद वाच. कोणाच्या बापाले दिसत नाही."

मी हो म्हटलं. मामाले वाटलं लुगड्यासाठी म्हटलं. मी यमुनावैनीसाठी म्हटलं.

खैरी आमचं मूळ गाव. तिथं आमचं जुनं घर हाय, त्यात मोठी आई राह्यते, कलाबाई, बाबाच्या मोठ्या भावाची बायको. तिचा पोरगा प्रकाशदादा, त्याची बायको यमुनावैनी. मागच्या पावसात त्याइचं पहिलं पोरगं हगवणीनं गेलं. मोठ्या आईनं त्याचं पाणी बंद केलं होतं. पाणी पाजलं का पोट्टं अजून हगते, असं ते म्हणते. सारेच म्हणते. आता वैनीले पोरगी हाय, छबी. अजून बसाले शिकून राहिली. मागं गेली होती तवा वैनी हळूच म्हणे, "उषाबाई, हे तरी पावसाळा काढन का वो?"

म्हणून हा भोंगा एकाच बाईच्या कानात गेला पायजे. बाकी तालुक्यानं नाही ऐकलं तरी मले चालते.

संध्याकाळी बाबाले सांगतलं. बाबा भाकर मोडता मोडता थांबले. म्हणे, "शाळेत चार ओळी म्हणाची लाज वाटे तुले. आन आता गावोगाव हाकारे देत फिरनार?"

म्या म्हटलं, "लुगडं बांधून देतो म्हणते मामा."

"दवंडीच हाय ते," बाबा म्हणे. "बॅटरीवरची दवंडी."

मामाचा तोच भोंगा जयंतीले वाजते तवा बाबा समोर बसून ऐकते. तवा नाही का बॅटरी लागत?

१२ जुलै, शनिवार

दवाखान्यातले मिसरा साहेब जबलपूरकडचे. मानूस वाईट नाही, पण कागद त्यानंच लिहिला. "समस्त ग्रामवासियों को सूचित किया जाता है कि वर्षा ऋतु में अतिसार से होने वाले निर्जलीकरण की रोकथाम हेतु जीवन रक्षक घोल का सेवन सुनिश्चित करें." हे वाचता वाचताच मले निर्जलीकरण झालं.

सौंसरच्या बाजारात पह्यला फेरा. मागं पोट्ट्याइची फौज. त्याइले वाटलं सनीमा आला. "ओ बाई, कागद फेका ना कागद! हिरो कोन हाय?" एका बुढ्यानं मामाले थांबवून इचारलं, तिकीट कितीचं.

मामा म्हणे, "फुकट हाय बाबा."

बुढा म्हणे, "फुकट हाय तं मंग चांगला नसन."

१९ जुलै, शनिवार

दवाखान्यातल्या प्रतिभा सिस्टरनं साहेबाले सांगतलं का पोरीले मराठीत सांगू द्या. साहेब म्हणे, "ठीक है, पर अर्थ न बिगड़े." म्हणून म्या नवीन कागद लिहिला. आता तं जमनार, असं वाटलं.

पण तो एक शब्द माह्याच्यानं निघत नव्हता. लुगड्याच्या आतबी नाही. बाजारात सगळ्यासमोर तो शब्द! म्हणून म्या लिहिलं, "लहान मुलांचे पोट बिघडल्यास." अख्ख्या बाजारात एक मानूस थांबला, तो चूरण विकणारा होता. त्यानं मामाले आपली गाडी संग घेता का म्हणून इचारलं.

मामा चिडला. लुगडं सारून आत तोंड घालून म्हणे, "हगवण म्हन ना वो! साऱ्या दुनियेले होते, तुलेच काऊन लाज?"

म्या हळूच म्हणून पाह्यलं. म्हणजे मनातच म्हटलं असं समजा. पण भोंगा चालू होता. अख्ख्या बाजारात गेलं, "ह... ह... हगवण." कपड्याच्या दुकानापासून बसस्टँडपर्यंत हसे. एक पोट्टं तर मागं मागं तेच म्हणत आलं, ह ह हगवण, ह ह हगवण.

मले वाटलं रिक्षातून उतरून सरळ घरी पळावं. उतरली असती तं दिसली असती, म्हणून बसून राहिली.

पण एक गोष्ट झाली. हसणं थांबल्यावर एक बाई रिक्षाजवळ आली. लुगडं दोन बोटं सारलं आन इचारलं, "खरंच पाणी द्याचं का वो हगवणीत? बंद नाही करा लागत?"

म्या म्हटलं, "द्याचं. साखर-मीठ घालून, चमच्या चमच्यानं. मायचं दूधबी बंद नाही कराचं."

ते म्हणे, "मी तं देईन बाई. सासू देऊ देईन तवा ना."

घरी आल्यावर हे मामाले सांगतलं. मामा म्हणे, "मंग सासूलेच सांग." मामा कधी कधी बरं बोलते.

२६ जुलै, शनिवार

आता कागद असा हाय: "आजीबाई, ऐकून घ्या. नातवाले हगवण लागली का त्याच्या आंगातलं पाणी जाते. जेवढं जाते तेवढं परत द्या." पुढं कसं बनवाचं ते.

इथं पुन्हा भांडण. साहेब म्हणते, एक लीटर पानी. आता लीटर कोणाच्या घरी हाय? रॉकेलवाल्याजवळ हाय. गिलास म्हटलं तं कोणाचा पितळी, कोणाचा चहाचा. चिमूट म्हटलं तं आमच्या आईची चिमूट आन मामाची चिमूट यात एक भाजी खारट होते. सिस्टर म्हणे मीठ जास्त झालं तं लेकराले उलटं नुकसान. साहेब टेबलावर डोकं टेकून बसले.

मंग सिस्टरच म्हणे, "चाखून पाहा म्हणून सांग. आसवापेक्षा खारट लागलं तं फेकून द्या, नवीन करा."

हे मले आवडलं. आसू कसे लागते हे कोणाले मोजून सांगा लागत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज खैरी. दवाखान्याची जीप बिघडलेली, म्हणून मामानं बैलगाडी केली आन तिच्यावर भोंगा बांधला. बैल भोंग्याले भिऊन नाल्यात घुसले. माइक वाचला, माहा कागद गेला. मले पाठ होता म्हणून बरं.

गाव फिरली. एक बाई आंगणात शेण टाकता टाकता वर पाहे आन परत शेण टाके. मोठी आई दारात बसून तांदूळ निवडून राहिली होती. म्या खास तिच्या दारासमोर गाडी थांबवाले लावली. सगळं सांगतलं, चांगलं सांगतलं, एकदाबी अडखळली नाही. मंग उतरून तिच्यापाशी गेली.

"ऐकलं का मोठी आई?"

"ऐकलं ना. तुहा आवाज होय का तो? मले वाटलं लॉटरीवाली आली."

"मंग छबीले काही झालं तं पाणी पाजशीन ना?"

ते म्हणे, "बाई, भोंग्यावर तं सनीमाबी सांगते, लॉटरीबी सांगते. त्या लॉटरीत तुह्या प्रकाशदादाले कधी काही लागलं का? म्या माहे पाच पोरं पाणी बंद करूनच वाचवले."

मले सांगाचं होतं का ते वाचले ते पाणी बंद करूनबी वाचले. पण मोठ्या आईले असं कोण सांगन. यमुनावैनी आतून पाहून राहिली होती, छबीले कडेवर घेऊन. छबीनं माही वेणी ओढली.

परत निघालो तं चावडीच्या ओट्यावर बुढे रामाजी पाटील. काठीवर हात ठेवून म्हणे, "तू चिंधूची नात ना? भिवाजीची पोरगी?" चिंधू म्हणजे माहा आजा, म्या त्याले पाह्यलं नाही. पाटील म्हणे, "पोरी, या गावात भोंग्याले कोणी सरकारी समजत नाही. डफडं वाजलं का मानूस कामावरून उठे. सारा भराचा असो, का पटकी आली असो. तुह्या आज्याचं डफडं असे. आन तुह्या बापाचा आवाज! एवढुसा पोट्टा होता, शिवेपर्यंत ऐकू जाय."

म्या म्हटलं हो हो. बाबाचा आवाज म्हणे! बाबा घरी मीठ मांगते ते दुसऱ्या खोलीत ऐकू येत नाही. बुढा मानूस, कोणाले तरी कोणाशी मिसळवून राहिला असन.

पण डफड्याची गोष्ट मनात बसली.

४ ऑगस्ट, सोमवार

साहेबाले सांगतलं. साहेब खुर्चीतून उठलेच. "वाह! यही तो चाहिए था! पहले डफड़ा, फिर घोषणा. बजाने वाला ढूँढो."

संध्याकाळी बाबा घरी आले. म्या चहा देल्ला आन इचारलं, "बाबा, आज्याचं डफडं कुठी हाय?"

बाबानं कप खाली ठेवला. म्हणे, "कोणं सांगतलं?"

"रामाजी पाटलानं. हगवणीच्या कामाले पायजे होतं. तुमाले वाजवता येत असन तं..."

बाबा उठले, पायात चप्पल घातली आन बाहेर गेले. चहा तसाच राह्यला. म्या चूक काय बोलली? डफडं मांगतलं, कोणाची किडनी नाही मांगतली.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईले इचारलं. आई तांदूळ पाखडून राहिली होती, वर पाह्यलं नाही.

म्हणे, "तुह्या आज्याले साऱ्या गावाची दवंडी द्या लागे. पाटील लोक ओट्यावर सावलीत बसे आन हा खाली उन्हात उभा. आपल्या लोकाईकडं तेच काम होतं, वाटून देलेलं. नागपूरले दीक्षा झाली तवा आज्यानं परत येऊन डफडं नदीत सोडलं. म्हणे, आता नाही वाजवनार."

"मंग?"

"मंग गावानं आपल्या लोकाईची विहीर बंद केली. एक अख्खा उन्हाळा. नदीच्या डबक्यातलं पाणी पेले लोक." आईनं सूप खाली ठेवलं. "तुह्या बाबाले एक लहान बहीण होती. कला वैनी तवा नवी नवरी होती, तिनंच सांभाळली ते आखरीले."

"काय झालं होतं तिले?"

"हगवण," आई म्हणे आन सूप घेऊन आत गेली.

म्या बसून इचार केला. वाईट झालं, नाही म्हणत नाही. पण ते जुनं झालं. आता विहीर चालू हाय, चावडीसमोर हापशी हाय, सरकारचं काम हाय, आन आज खैरीत छबी हाय. एका डफड्यावरून बाबा माह्याशी बोलून नाही राहिले. बाबाले छबीची काही पडली नाही का?

साहेबाले सांगतलं का वाजवणारा भेटला नाही. साहेब म्हणे, "अरे, तो कोई थाली ही बजा दो." मामानं एका गावात थाळी वाजवली. लोकाईले वाटलं सूर्याले गिरण लागलं. एक बाई पोटुशी होती ते घरात पळाली आन दार लावून घेतलं.

३१ ऑगस्ट, रविवार

साहेबानं पांढुर्ण्याले पाठवलं. पोळा जवळ आला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार, दोन गावं नदीवरून एकमेकाले गोटे मारते, गर्दी जमते, म्हणे सांगून टाका. आमच्या अक्कलेचं पाहा, आमी गेलो.

नदीच्या या बाजूले आमचा भोंगा: आजीबाई, पाणी द्या. त्या बाजूले सावरगावकडं सरकारचा भोंगा: दगड मारू नका. मधात रसवंतीवाल्याची घुंगरं. एक मानूस गोटे गोळा करून ढीग लावत होता, बरोबर त्या सरकारी भोंग्याच्या खाली. भोंगा सांगे, मारू नका. हा म्हणे, "हो साहेब, हो साहेब," आन ढीग लावे.

मामा म्हणे, "पाह्य, त्याइचे हाल आपल्याहून बेकार हायेत."

माहा गळा बसला. सिस्टर सांगून राहिली होती का लोधीखेड्याकडंबी हगवणीच्या केसी वाढल्या. एवढं बोलून एकाबी घरात पाण्याचा चमचा हालला का नाही, मले कसं समजावं?

६ सप्टेंबर, शनिवार

हे लिहून टाकते, मंग कोणी वाचलं तरी चालते.

आज जीप दुरुस्त होती. खैरीत हगवण लागली, एक लेकरू गेलं म्हणून खबर आली, म्हणून मी, मामा आन सिस्टर गेलो. मोठ्या आईच्या दारासमोर आलो तं यमुनावैनी दाराच्या आड उभी. तिनं फक्त मान हालवली, नाही अशी. मले समजलं. छबीले लागली.

मी जीपमधूनच पाह्यलं, छबी पाळण्यात होती आन रडूनसुद्धा नव्हती राहिली. मोठी आई दारात येऊन उभी राह्यली, आडवी.

सिस्टर उतरली, म्हणे, "मावशी, मले पाहू द्या."

मोठी आई म्हणे, "काही झालं नाही. नजर लागली. उतरवली."

"पाणी देल्लं का?"

"पाणी-बिणी नाही. रात्रीपासून आत्ता कुठं थांबली."

थांबली म्हणे! सिस्टरचं तोंड पाह्यलं आन मले समजलं का थांबली म्हणजे आंगातलं पाणीच संपलं. प्रकाशदादा नागपूरले कामाले गेला. दारात कोणी बोलणारं नव्हतं. माइक हातात होता. भोंगा चालू होता.

म्या म्हटलं, "कलाबाई! मोठी आई! तुह्या नातीले पाणी पाज! मागच्या साली एक मारलं, आता दुसरं मारशीन का?"

अख्ख्या खैरीत गेलं. बाया बाहेर आल्या. पाटलाच्या वाडीतला गडीबी आला. मोठ्या आईचं तोंड... म्या असं तोंड कधी पाह्यलं नाही. तिनं वैनीले आत ओढलं आन कडी लावली. सिस्टरनं गंज वेळ दार ठोकलं. आतून आवाज नाही.

सिस्टर मले म्हणे, "काय केलं वो तू हे?" मामानं माइकची वायर काढून टाकली.

सिस्टर तिथंच राह्यली, शेजारच्या घरी, म्हणे दार कधी उघडलं तं.

इतके दिवस माहा भोंगा कोणाच्या कानात गेला नाही. आज गेला, आन दार बंद झालं.

घरी मामानं बाबाले सगळं सांगतलं. मले वाटलं आता मारतीन. बाबानं एवढंच इचारलं, "घरच्या बाईचं नाव घेऊन? चवाट्यावर?"

म्या मान हालवली.

"लेकरू कसं हाय?"

दार बंद हाय, म्या म्हटलं. बाबा उठले आन पेटीतून जयंतीचा पांढरा सदरा काढून खुंटीले लावला. म्हणे, "सकाळी मी येतो."

७ सप्टेंबर, रविवार

आजचं सगळं लिहिते. अर्धं तं मले अजून समजलं नाही.

पहाटेच्या जीपनं आमी खैरीले. सिस्टर रस्त्यावरच भेटली, म्हणे दार उघडलं नाही, पण मागच्या खिडकीतून यमुनानं सांगतलं, लेकरू हाय, सासूच्या मांडीवर, पण डोये खोल गेले. मी बाबाले म्हटलं, चला बाबा, दार तोडू. बाबा म्हणे, "तोडलेल्या दारातून देल्लेलं पाणी दोन घोटाच्या पुढं जात नाही. आपून गेलो का परत बंद करतीन." आन चावडीकडं चालाले लागले.

चावडीवर जाऊन म्हणे, "खुर्ची आना."

खुर्ची! म्या म्हटलं ओट्यावर बसा ना. नाही. खुर्चीच पायजे. मी शाळेत पळाली, गुरुजीची खुर्ची डोक्यावर घेऊन आली. खाली ठेवली तं म्हणे, "खाली नाही. ओट्यावर." ओट्यावर ठेवली. बाबा त्यावर बसले, पांढरा सदरा, दोन्ही हात गुडघ्यावर. ओट्यावर रामाजी पाटील आन दोघे-तिघे बुढे आधीच होते. ते बाबाकडं पाहे आन बाबा समोर पाहे. मामानं माइक लावला, बाबानं हातानं बाजूले सारला.

मी आतून जळून राहिली होती. तिकडं छबीचे डोये खोल गेले आन इकडं याइले खुर्ची.

बाबा म्हणे, "पाटील, एक लोटा पाणी पाजा."

हापशी दहा पावलावर होती! म्या म्हटलं, "बाबा, मी आनते." बाबानं माह्याकडं असं पाह्यलं का मी तिथंच उभी राह्यली.

पाटलानं गड्याले इशारा केला. बाबा म्हणे, "गड्याजवळ नको, पाटील. तुमच्या हातानं."

बाकीचे बुढे पाटलाकडं पाहाले लागले. पाटलाचा नातू सुधाकर उठला, म्हणे, "आबा, मी आनतो." रामाजी पाटील म्हणे, "तू बस." आन काठी टेकत टेकत उठले आन घराकडं निघाले.

त्या बुढ्याची चाल काय सांगू. मले रडू येऊन राहिलं होतं रागानं. पण एक झालं. पाटील स्वतः पाणी आनाले गेला हे कोणीतरी पाह्यलं, आन कोणीतरी कोणाले सांगतलं, आन घरंच्या घरं रिकामी होऊन राहिली. आमच्या वस्तीतले आले, पाटीलपुऱ्यातले आले. बाया धाब्यावर चढल्या. भोंगा वाजवून, थाळी वाजवून जे मानसं निघाले नाही ते एका लोट्यासाठी निघाले. मी मागं पाह्यलं तं आमच्या वस्तीच्या तोंडाशी मोठी आई उभी, पदराचं टोक दातात धरून.

पाटील परत आले. एका हातात काठी, एका हातात लोटा, आर्धं पाणी धोतरावर सांडलेलं. बाबा खुर्चीवरून उठले आन दोन्ही हातानं लोटा घेतला. एक घोट पेले. मंग म्हणे, "बसा. सगळे बसा. उभ्यानं आयकाची गोष्ट नाही हे."

तो आवाज! म्या बाबाचा असा आवाज कधी आयकला नाही. ओरडले नाही, तरी धाब्यावरच्या बाया खाली बसल्या.

बाबानं सिस्टरजवळून साखर घेतली, मीठ घेतलं, लोट्यातलं पाणी गिलासात ओतून त्यात घातलं, ढवळलं. म्हणे, "हे चाखा, पाटील. आसवापेक्षा खारट नाही ना?" पाटलानं चाखलं. नाही म्हणे. मंग आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीले देल्लं, केसरबाईले. तिनं त्याच गिलासातून चाखलं. धाब्यावरच्या बाया वाकून पाहे.

मंग बाबा म्हणे, "या गावात पाणी बंद केल्यावर काय होते ते पाटलाले माहीत हाय. मले माहीत हाय. आमच्या कला वैनीले माह्याहून जास्त माहीत हाय, ते लेकरू तिच्या मांडीवर होतं. पाणी मागे आन आमच्याजवळ द्याले नव्हतं." बाबानं लोटा पुढं केला. "आता हाय. आता लेकराइचं बंद करू नका."

एवढंच. माहा कागद दोन पानाचा होता.

पाटील काहीतरी म्हणाले, "भिवाजी, तवा मी..." बाबा म्हणे, "बसा पाटील, दमले तुमी," आन आपली खुर्ची त्याइच्याकडं सरकवली.

तोपर्यंत मोठी आई ओट्यापाशी आली होती. माह्याकडं पाह्यलंबी नाही. बाबाच्या हातातून तो गिलास घेतला, वरून पदर झाकला, आन भरभर घराकडं चालाले लागली. मी आन सिस्टर मागं पळालो.

दार उघडंच होतं.

पह्यला चमचा छबीनं ओकून टाकला. मोठ्या आईनं सिस्टरकडं पाह्यलं. सिस्टर म्हणे, थोडं थांबा, परत द्या, हळूहळू. मोठी आई परत दे. छबी गिळे. परत दे. यमुनावैनी भिंतीले टेकून बसली होती, तिच्याजवळ रडालेबी ताकद नव्हती. गिलास संपला. मोठी आई मले म्हणे, पह्यला शब्द तो, "बनव अजून." म्या बनवलं. तिनं स्वतः चाखलं. म्हणे, "बरोबर हाय."

दुपार कलली तवा छबी माह्या मांडीवर होती आन तिनं माहा झगा पूर्ण ओला केला. सिस्टरनं टाळी वाजवली. म्हणे, "मुतली! वाचली!" आमी सगळ्या जणी अशा हसलो का बाहेरून मामा धावत आला.

बाबाले सांगाले गेली तं ते चावडीवर नव्हते. गुरुजीची खुर्ची डोक्यावर घेऊन शाळेत ठेवाले गेले होते. म्हणे, ज्याची त्याले दिली पायजे.

१० सप्टेंबर, बुधवार

छबीले सौंसरच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, आज घरी नेली. मोठी आई जाता जाता दवाखान्याच्या दारात थांबली. म्या म्हटलं, "मोठी आई, त्या दिवशी म्या भोंग्यावर..." ते म्हणे, "आवाज चांगला हाय तुहा. पण बोलनं शिक." आन छबीचं टोपडं सारखं करत गेली.

मिसरा साहेबानं रिपोर्ट मांगितला. त्याइले खैरीत काय झालं ते लिहून पायजे, वर पाठवाचं. म्या सांगतलं तसं मामानं लिहिलं: खुर्ची, लोटा, पाटील. साहेबानं दोनदा वाचलं. म्हणे, "बहुत बढ़िया. तो अब हर गाँव में एक कुर्सी का इंतज़ाम करो." म्या समजावून पाह्यलं का साहेब, खुर्चीनं नाही झालं. साहेब म्हणे, "फिर किससे हुआ?"

मले सांगता नाही आलं. मले अजूनबी नीट नाही समजलं. मी घरी आली.

१४ सप्टेंबर, रविवार

उद्या लोधीखेड्याकडचे गावं. साहेबानं जीपमधी एक लोखंडी खुर्ची ठेवाले लावली, मामा शिव्या देऊन राहिला, भोंगा ठेवाले जागा नाही.

म्या नवीन कागद लिहिला. आंगणात बसून मनातल्या मनात वाचून राहिली होती. बाबा खाटेवर होते. म्हणे, "मोठ्यानं वाच."

शाळेत कवितेले उभं करे तसंच वाटलं. इथं लुगडं नव्हतं. पण वाचलं.

बाबा म्हणे, "शब्द खाऊन राहिली. छातीतून काढ, गळ्यातून नको. गळा दुपारपर्यंत बसते." मंग म्हणे, "गल्लीच्या तोंडाशी सांगू नको, वळणावर सांग, दोन्हीकडं जाते. आन एक सांगतलं का थांब. आतल्या बाईले हात धुवून दारात याले वेळ लागते."

म्या म्हटलं, "तुमाले कसं माहीत बाबा?"

बाबानं उशी सारखी केली. म्हणे, "चाल, पुढचं वाच."